बॅटरीची गाडी, मग हेल्मेट कोणतं?

कागलमध्ये इलेक्ट्रिक स्कूटर असं लांबलचक नाव कुणी घेत नाही. ‘बॅटरीची गाडी’ किंवा ‘चार्जिंगची गाडी’, एवढंच. पंचतारांकित एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारा कामगार, खेड्यावरच्या शाळेत शिकवायला जाणाऱ्या बाई, सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध घालणारे आजोबा, क्लासला जाणारी अकरावीतली मुलगी, या सगळ्यांच्या दारात गेल्या काही वर्षांत ती येऊन उभी राहिली आहे. घेताना लोक चौकशी अगदी बारकाईनं करतात. एका चार्जिंगला किती पळते, बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची, पावसात पाण्यातून घातली तर चालते का, सारं विचारतात. हेल्मेटबद्दल मात्र एकच प्रश्न माझ्या कानावर येतो: “बॅटरीच्या गाडीला हेल्मेट लागतं का हो?”

‘लागतं का’ याचा अर्थ पोलीस अडवतात का, असा असतो. त्याचं उत्तर सोपं आहे आणि ते आधी देऊन टाकतो. पण खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. घ्यायचं तर कोणतं घ्यायचं, ते खरं आहे की नुसती प्लॅस्टिकची टोपी हे ओळखायचं कसं, आणि ते आपल्या डोक्याला नीट बसलं हे समजायचं कसं?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ प्रमाणे दुचाकी चालवणाऱ्यानं आणि मागं बसणाऱ्यानंही, वय चार वर्षांच्या वर असेल तर, भारतीय मानक ब्युरोच्या मानकात बसणारं हेल्मेट घातलं पाहिजे आणि त्याचा पट्टा बांधलेला असला पाहिजे. गाडी पेट्रोलवर चालते की विजेवर, असा भेद या कलमात नाही. ज्या बॅटरीच्या गाडीला हिरवी नंबरप्लेट आहे, ती कायद्याच्या हिशेबानं मोटारसायकलच. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १९४ डी मध्ये हेल्मेट नसल्यास हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन निलंबित अशी तरतूद आहे. मागं बसणाऱ्याचं हेल्मेट आपल्याकडं कुणी मनावर घेत नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या मुख्यालयानं त्यावरही कडक कारवाईच्या सूचना काढल्या. कर्नाटकात तर जानेवारी २०१६ पासूनच मागच्यालाही हेल्मेटची सक्ती झाली, त्यामुळं कामाला किंवा बाजाराला निपाणीकडं जाणाऱ्या कागलकरांना हा नियम तसा नवा नाही.

गोंधळ होतो तो दुसऱ्या जातीच्या गाड्यांचा. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीच्या नियम २ (यू) प्रमाणे, मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर अशा मान्यताप्राप्त गाडीला मोटार वाहन मानत नाहीत. तिला नोंदणी नाही, लायसन नाही. पायडल मारल्यावर मोटरची साथ मिळते त्या इलेक्ट्रिक सायकलीलाही अशीच सूट आहे. तिची मोटर २५ च्या वेगाला बंद पडली पाहिजे. या गाड्यांना हेल्मेटचं कलम लागू होत नाही. दुकानदारही हेच सांगून त्या विकतात: लायसन नको, पासिंग नको, हेल्मेट नको. आणि या गाड्या चालवतात कोण? सोळा-सतरा वर्षांची मुलं आणि साठी ओलांडलेली माणसं. ज्यांना पडल्यावर सगळ्यात जास्त लागायचं, तेच उघड्या डोक्यानं फिरतात. त्यातही काही गाड्यांची वेगमर्यादा गुपचूप काढलेली असते. २५ ची गाडी ४५ नं पळते, पण कागदावर ती सायकलच राहते. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याला अशा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम काढावी लागली होती.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. कायद्यानं गाड्यांची केलेली ही वर्गवारी नोंदणीसाठी ठीक आहे. हेल्मेट निवडताना ती बाजूला ठेवावी आणि आपण कोणत्या रस्त्यावरून जातो, हे पाहून हेल्मेट घ्यावं. कागलचा रस्ता म्हणजे पुणे-बेंगळुरू महामार्ग, त्याचे सेवारस्ते आणि उसाच्या ट्रॅक्टरांची गावाकडची वाट. २५ च्या वेगानं जाणारी मुलगीही याच रस्त्यावर असते आणि तिच्या शेजारून जाणारा कंटेनर ८० नं जात असतो.

आता हेल्मेट नेमकं करतं काय, ते पाहू. बाहेरचं कवच डोकं वाचवतं, अशी बहुतेकांची समजूत असते. कवचाचं काम मार पसरवण्याचं आणि टोकदार वस्तू आत घुसू न देण्याचं. डोकं वाचतं ते आतल्या जाड, टणक थर्माकोलमुळं. आपल्या भागातलंच उदाहरण घेऊ. गुळाचा रवा हातातून निसटून फरशीवर आपटला तर तुकडे होतात. तोच पाचटाच्या ढिगावर पडला तर अखंड राहतो. पडण्याची उंची तीच, वजन तेच. फरक एवढाच की पाचटावर तो थोडं थोडं दबत थांबतो आणि फरशीवर एका झटक्यात थांबतो. आकड्यात सांगायचं तर दीड मीटरवरून खाली येणारं डोकं तीन मिलिमीटरमध्ये थांबलं, तर त्याला सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या पाचशे पट झटका बसतो. तेच तीस मिलिमीटरमध्ये थांबलं तर पन्नास पट. हे मधले सत्तावीस मिलिमीटर म्हणजे ते थर्माकोल. दबता दबता ते मार पिऊन घेतं आणि त्यातच कायमचं चिरडतं. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून नव्यासारखं दिसलं तरी पुन्हा वापरायचं नसतं. दबलेला भाग परत फुगत नाही.

यातूनच वेगाबद्दलचा एक गैरसमज दूर होतो. “मी तर वीस-पंचवीसनं चालवतो” हे वाक्य आपण सगळे ऐकतो. उभ्या गाडीवरून तोल जाऊन बाजूला पडलं, तरी दीड मीटरवरून खाली आलेलं डोकं जमिनीला टेकतं तेव्हा त्याचा वेग ताशी १९-२० किलोमीटर असतो. गाडी बंद असतानाचा हा वेग आहे. त्यात गाडीचा वेग मिळवला, समोर दुभाजकाची कड किंवा ट्रॉलीचा अँगल आला, की पुढचा हिशेब कुणालाही करता येईल. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या चमूनं लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे नऊशे मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. १९८१ च्या त्या अहवालात प्रत्यक्ष धडकेच्या क्षणीचा मध्यक वेग निघाला ताशी साधारण ३५ किलोमीटर. मोठ्या इंजिनांच्या गाड्यांच्या देशातली ही गोष्ट. आपल्या बॅटरीच्या गाड्या या वेगाच्या कितीतरी पुढं जातात. आज बाजारात ताशी ७० पासून शंभराच्या पुढं पळणाऱ्या आहेत. शिवाय मूठ पिळताक्षणी पूर्ण जोर चाकावर येतो. नवशिक्याच्या हातून गाडी पुढं उसळते ती यामुळं.

हेल्मेटचा उपयोग होतो का, हा प्रश्न खरं तर ऐंशी वर्षांपूर्वीच निकालात निघालाय. १९३५ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्या मृत्यूनं ते इतके अस्वस्थ झाले की पुढं ब्रिटिश सैन्यातल्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचा त्यांनी अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटच्या बाजूनं आपला निबंध प्रसिद्ध केला. तेव्हापासून जगभर झालेल्या ६१ अभ्यासांचा एकत्रित आढावा कॉक्रेन संस्थेनं २००८ मध्ये घेतला. निष्कर्ष असा की हेल्मेटमुळं मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो. आपल्याकडचा आकडा उलट बाजूनं बोलतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ५०,०२९ माणसं हेल्मेट नसताना दुचाकीवर गेली. त्यातली १४,३३७ मागं बसलेली होती.

पण हे सगळे आकडे खऱ्या हेल्मेटचे आहेत, म्हणून आता खऱ्या-खोट्याकडं वळतो. मला या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच वाटतो.

दोन वर्षांपूर्वी घाईत असताना रस्त्याच्या कडेला दोरीवर लटकवलेल्या हेल्मेटांतलं एक मी अडीचशे रुपयांना घेतलं होतं. मागं गोल, चकचकीत आयएसआयचं स्टिकर होतं. मध्यंतरी घरात ते कट्ट्यावरून फरशीवर पडलं आणि कानाजवळ तडा गेला. कमरेइतक्या उंचीवरून, रिकामं. मग करवतीच्या पात्यानं ते मधोमध कापून पाहिलं. कवच दोन मिलिमीटरही नाही, बादलीच्या प्लॅस्टिकसारखं ठिसूळ. त्याच्या आत कापडी अस्तर आणि अस्तराच्या आत बोटानं दाबलं की चपटा होणारा गादीचा स्पंज. थर्माकोल होतं ते फक्त माथ्यावर, तळहाताएवढी एक चकती. कपाळाच्या मागं, कानाच्या बाजूला, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर काहीच नाही. पट्टा कवचाला एका बारीक पोकळ रिवेटनं जोडलेला. हातानं दोन हिसके दिल्यावर रिवेट निघून आला. हे हेल्मेट घालून मी एक आख्खा उन्हाळा कोल्हापूरला ये-जा केली होती.

त्याच दिवशी शेजाऱ्याचं अपघातात एकदा आपटलेलं, टाकून द्यायला काढलेलं एक चांगलं हेल्मेटही कापलं. त्यात कपाळापासून मानेपर्यंत सलग दोन ते तीन सेंटिमीटर जाडीचं थर्माकोल होतं. नख रोवलं तर जेमतेम खूण उमटावी इतकं टणक. डाव्या बाजूला, जिथं डोकं आपटलं होतं, तिथं त्याची जाडी निम्म्यावर आलेली दिसत होती. बाहेर फक्त रंगाला ओरखडा होता. शेजारी स्वतः ते तुकडे हातात घेऊन बराच वेळ बघत बसले.

हेल्मेट कापून घेणं काही शक्य नाही. मग दुकानात काय बघायचं? भारतात दुचाकीच्या हेल्मेटचं मानक आहे आयएस ४१५१. केंद्र सरकारच्या २०२० च्या गुणवत्ता आदेशानं १ जून २०२१ पासून या मानकाचं नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं, साठवणं, विकणं बेकायदा आहे. मानकात फक्त आपटण्याची चाचणी नसते. टोकदार वस्तू आत घुसते का, कवच दाबलं तर किती दबतं, पट्टा किती ताण सोसतो, बाजूचं किती दिसतं, कानावर आवाज येतो का, हेही तपासतात. २०१८ च्या दुरुस्तीनं वजनाची कमाल मर्यादा दीड किलोवरून १.२ किलोवर आणली होती, म्हणजे ‘जड म्हणजे मजबूत’ हा समजही सोडून द्यायला हरकत नाही.

खरी खूण अशी असते: मधे आयएसआयचं चिन्ह, त्याच्या वर ‘आयएस ४१५१’ हा मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांपुढं परवान्याचा क्रमांक. नुसतं आयएसआय लिहिलेलं स्टिकर कुठल्याही छपाईवाल्याकडं मिळतं. परवाना क्रमांक नसेल तर ते हेल्मेट जागेवर ठेवून द्यावं. क्रमांक असेल तर दुकानात उभ्या उभ्या मोबाईलवर ब्युरोचं ‘बीआयएस केअर’ ॲप उघडून तो घालावा. कंपनीचं नाव, माल कोणता, परवाना चालू आहे की संपलाय, सगळं समोर येतं. जून २०२५ पर्यंत देशात १७६ उत्पादकांकडं चालू परवाने होते. मुदत संपलेल्या परवान्यावर माल काढणारेही सापडलेत. त्याच सुमारास दिल्लीत ब्युरोनं नऊ उत्पादकांकडून अडीच हजारांवर हेल्मेटं जप्त केली. चांगल्या मालासाठी आपल्याला लांब जावं लागतं असंही नाही. हेल्मेटचा एक मोठा कारखाना आपल्याच महामार्गावर, दीड-दोन तासांवर बेळगावात आहे. हजार-पंधराशे रुपयांत तोंड झाकणारं, परवान्याचं हेल्मेट मिळतं. लाखाच्या गाडीला तेवढे पैसे जास्त नाहीत.

महागड्या परदेशी हेल्मेटामागं धावायचीही गरज नाही. ब्रिटन सरकारनं २००७ मध्ये ‘शार्प’ नावाची योजना सुरू करून बाजारातली हेल्मेटं स्वतः विकत घेऊन आपटून पाहिली आणि त्यांना तारे द्यायला सुरुवात केली. स्वस्तातल्या काही हेल्मेटांना पाच तारे मिळाले आणि भारी किमतीच्या काहींना कमी. अशी ताऱ्यांची योजना आपल्याकडंही ब्युरोनं सुरू करावी. गाडीला सुरक्षिततेचे तारे देता येतात, तर हेल्मेटला का नाहीत?

आता इलेक्ट्रिक सायकलवाल्यांचा प्रश्न. पुण्या-कोल्हापुरात या सायकली बऱ्याच दिसू लागल्या आहेत आणि कागलातही सकाळी व्यायामाला निघालेले काही जण दिसतात. त्यांना सायकलीचं हलकं, भोकाभोकांचं हेल्मेट पुरेल का? युरोपातलं सायकल हेल्मेटचं मानक, ईएन १०७८, सपाट पृष्ठभागावर दीड मीटरवरून टाकून तपासतं, म्हणजे टेकताना वेग ताशी १९.५ किलोमीटर. मोटारसायकलच्या युरोपीय मानकात हाच वेग २७ च्या आसपास असतो. नेदरलँड्समध्ये ताशी ४५ पर्यंत मोटरची साथ देणाऱ्या सायकली आल्या तेव्हा त्यांना साधं सायकल हेल्मेट अपुरं वाटलं. मोटारसायकलचं घालावं तर पायडल मारताना घाम निघायचा. म्हणून २०१६ मध्ये त्यांनी एनटीए ८७७६ असं मधलं मानक काढलं. त्यात चाचणीचा वेग २३ च्या वर आणि कानशिलं, डोक्याची मागची बाजू जास्त झाकलेली. भारतात इलेक्ट्रिक सायकलीसाठी असं वेगळं मानक नाही. तेव्हा माझा सल्ला असा: पायडल मारत, गावातल्या आणि शेताकडच्या रस्त्यांवर २५ च्या आत फिरणार असाल तर ईएन १०७८ किंवा एनटीए ८७७६ लिहिलेलं सायकल हेल्मेट चालेल. पण पायडल न मारता स्कूटरसारखी चालवत असाल, किंवा सेवारस्त्यावर उतरावंच लागत असेल, तर आयएस ४१५१ चंच घ्या. आणि २५ च्या वेगाच्या, बिनानोंदणीच्या स्कूटरसाठी तर दुसरा विचारच नको.

प्रकार कोणता? पूर्ण तोंड झाकणारं. हनुवटीसमोरची पट्टी नसलेलं हेल्मेट अर्धंच काम करतं. जर्मनीत दिएतमार ओटे यांनी अपघातातली हेल्मेटं गोळा करून मार कुठं कुठं बसला याचा नकाशा काढला. सुमारे एक तृतीयांश आघात हनुवटीच्या भागावर होते. तोल गेला की माणूस पुढं फेकला जातो, जबडा आधी टेकतो. बॅटरीच्या गाडीच्या बाबतीत इथं एक वेगळीच अडचण येते. बऱ्याच जणांना हेल्मेट सीटखालच्या डिक्कीत मावायला हवं असतं. शोरूममध्ये लोक गाडीच्या डिक्कीत हेल्मेट घालून बघतात, डोक्यात घालून बघत नाहीत. पूर्ण हेल्मेट बहुतेक डिक्क्यांत बसत नाही, म्हणून टोपीसारखं अर्धं घेतलं जातं. त्यापेक्षा सीटखालच्या हुकाला पट्टा अडकवून सीट लावावी, किंवा सरळ हातात घेऊन आत जावं. आरशावर अडकवू नये. आरशाचा दांडा आतल्या थर्माकोलला खड्डा पाडतो.

कागलकरांना काचेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. गळीत हंगाम सुरू झाला की संध्याकाळी काय होतं? दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, बाहेर आलेले उसाचे शेंडे, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेले. त्यात बगॅस भरलेल्या ट्रकच्या मागं लागलं की भुसा सरळ डोळ्यांत. दूधगंगेच्या काठानं आलं तर चिलटं. एक हात डोळ्याकडं गेला की गाडी एका हातात राहते. स्वच्छ, पारदर्शक काचेचं पूर्ण हेल्मेट असेल तर यातलं निम्मं संकट टळतं. काळी किंवा रंगीत काच घेऊ नका, दिवस मावळल्यावर ती डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखीच. ओरखडे पडलेली काच समोरच्या दिव्यांचा उजेड फाकवते. काच वेगळी मिळते, दरवर्षी बदला. पावसाळ्यात वाफ धरते तेव्हा बोटभर उघडी ठेवून चालवा. हेल्मेटचा रंग पांढरा, पिवळा किंवा भगवा घ्या आणि मागं उजेड परतवणाऱ्या पट्टीचे दोन तुकडे लावा. बॅटरीची गाडी आवाज करत नाही. ट्रॅक्टरवाल्याच्या कानावर ती येत नाही, निदान त्याच्या डोळ्याला तरी दिसली पाहिजे.

मापाकडं आपण सगळ्यात कमी लक्ष देतो. नवरा दुकानात जातो, स्वतःच्या मापाची दोन हेल्मेटं आणतो, एक बायकोला देतो. तिच्या डोक्यावर ते गरगर फिरतं आणि ती म्हणते, मला समोरचं दिसत नाही. तिचं बरोबर असतं. शिंप्याची टेप घ्या, भुवयांच्या वर साधारण एक इंच कपाळावरून आणि मागच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवा. आकडा ५८ सेंटिमीटर आला तर ५८० लिहिलेलं, म्हणजे मीडियम; ६० आला तर ६००, लार्ज. मग घालून बघा. नवीन हेल्मेट गालाला घट्ट लागलं पाहिजे, थोडे गाल दाबले जातील एवढं. दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडं फिरवा. कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली तर माप बरोबर, हेल्मेट एकटंच फिरलं तर मोठं. पट्टा बांधून मागच्या कडेला धरून पुढं ओढा. डोक्यावरून निघायला लागलं तर ते अपघातात तुमच्या आधी रस्त्यावर पोचेल. दुकानात ते पाच-दहा मिनिटं घालून ठेवा, एखाद्याच ठिकाणी दुखलं तर दुसरी कंपनी बघा. प्रत्येकाच्या डोक्याचा आकार वेगळा असतो. आणि बक्कल. हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढाच पट्टा ढिला. नाक्यावर पोलीस दिसले की डोक्यावर ठेवायचं आणि पट्टा लोंबकळत ठेवायचा, ही सवय कायद्याच्याही विरुद्ध आहे.

बायकांना अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, ही अडचण खरी आहे. केस मानेपाशी, खाली बांधले की बसतं. अंबाडा सावरायला म्हणून एक माप मोठं घेणं हा उपाय नाही. आणि मागं एका बाजूला बसणाऱ्या बाईला हेल्मेटची गरज चालवणाऱ्यापेक्षा काकणभर जास्तच, कारण तिचा तोल आधी जातो आणि हातात धरायला काही नसतं.

मुलांचं तर मनापासून सांगायचं आहे. पुढं पायाजवळ उभं केलेलं पोर आणि मागं दोघांच्या मधे दाबलेलं पोर, हे आपण रोज बघतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रानं नियम काढला, तो एका वर्षानं लागू झाला: नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याच्या अंगाला बांधणारा सुरक्षा पट्टा हवा, मुलाला मापाचं हेल्मेट हवं, आणि गाडीचा वेग ४० च्या वर नको. लहान डोक्याला मोटारसायकलचं हेल्मेट जड होतं, म्हणून या वयासाठी मानकातलं सायकल हेल्मेटही नियमानं चालतं. चार वर्षांच्या पुढं मात्र मुलालाही मोठ्यांचाच कायदा.

हेल्मेटविरुद्धच्या तक्रारी जुन्याच आहेत. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी सक्ती कडक केली तेव्हा लोक मोर्चे घेऊन रस्त्यावर आले. त्या तक्रारींतली एकेक घेऊ. ऐकू येत नाही? हर्ट यांच्या त्याच अहवालात हेल्मेटमुळं रस्त्यावरचे महत्त्वाचे आवाज किंवा बाजूची नजर कमी होत नसल्याचं नोंदवलं आहे. खरं तर बॅटरीच्या गाडीवर इंजिनचा आवाज नसल्यानं मागचा हॉर्न हेल्मेटमधूनही चांगला ऐकू येतो. ऐकू येत नाही ते आत घातलेल्या इअरफोनमुळं. उकडतं आणि केस गळतात? एप्रिल-मेमध्ये उकडतं, हे मी नाकारणार नाही. पुढं-मागं हवेची भोकं असलेलं, अस्तर काढून धुता येणारं हेल्मेट घ्या, आत पातळ सुती रुमाल बांधा, अस्तर आठवड्याला धुवा. दहा मिनिटांचाच तर रस्ता? पण महामार्ग ओलांडायला त्यातली दोनच लागतात.

हेल्मेट धुताना साबण-पाणी पुरे. पेट्रोल, थिनर लावू नका, ऑइलपेंटनं नाव घालू नका, कवच आणि थर्माकोल दोन्ही खराब होतात. पाच वर्षांनी बदला. कुणाचं जुनं वापरायला घेऊ नका, ते आधी किती वेळा आपटलंय हे तुम्हाला कळणार नाही. आणि रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं, शुद्धीत नसेल, तर त्याचं हेल्मेट हिसडून काढू नका. मानेला दुखापत असेल तर त्या एका हिसड्यानं कायमचं अपंगत्व येऊ शकतं. काच वर करा, श्वास चालू आहे का बघा, १०८ ला फोन लावा, मान हलू न देता धरून बसा. श्वासच अडत असेल तर एकानं मान धरायची आणि दुसऱ्यानं सावकाश काढायचं.

नवीन दुचाकीबरोबर कंपनीनं मानकाचं हेल्मेट द्यायचं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमावलीत नियम १३८ मध्ये लिहिलेलं आहे. नोंदणीची गाडी घेत असाल तर ते मागून घ्या, त्यावरचा परवाना क्रमांक तिथंच तपासा, माप बसत नसेल तर बदलून मागा. दसऱ्या-पाडव्याला गाडी आणायला जाणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: हेल्मेटं आदल्या आठवड्यातच, दोघांच्या मापाची, घालून बघून घ्या आणि ती बरोबर घेऊनच शोरूममध्ये जा. पूजा झाली, पेढा खाल्ला, की पहिली फेरी घराकडचीच असते आणि कागलात ती बहुतेकांची महामार्गावरूनच होते.